फोनवर फोन समजावता येत नाही

बावधन, गुरुवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

(मायना बाबांच्या समाधानासाठी. पुढे नेहमीसारखंच लिहिणार आहे.)

बावधन ते सदाशिव पेठ अंतर ते केवढं, आणि त्यासाठी पोरगी पत्र लिहिते म्हणून आई हसणार हे ठाऊक आहे. पण मंगळवारी काय झालं ते आठवा. मी म्हटलं, "बाबा, सेटिंगमध्ये जा." सेटिंगमध्ये जायचं म्हणून तुम्ही फोन कानावरून काढलात आणि पुढची पाच मिनिटं मी गॅलरीतल्या कबुतरांशी बोलत होते. मग तुम्ही एक सिम बंद करून पाहिलंत. नेमकं तेच, ज्यावरून आपण बोलत होतो. फोनवर फोन समजावता येत नाही. शिवाय तोंडी सांगितलेलं तुम्ही वादात काढता आणि कागदावरचं पेन्सिलीने अधोरेखित करून फाइलला लावता. म्हणून हा कागद.

एकच मागणं आहे: जुना नंबर बंद करू नका. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

श्रावणात तुम्ही जुन्या सिमचा रिचार्ज सोडून दिलात. "आता सगळे नव्यावरच फोन करतात, मग दोन-दोन खर्च कशाला?" वरवर पाहता बरोबरच. आधी त्यावरून जाणारे फोन बंद झाले, ते कळलंही नाही, कारण तुम्ही नव्यावरूनच लावता. मग काही दिवसांनी येणारे मेसेजही थांबले. तेही कळलं नाही, कारण न आलेला मेसेज दिसणार कुठे? कळलं ते सिलिंडर आला त्या दिवशी. आई दारात, तो माणूस दारात, सिलिंडर दारात, आणि कोड कुठेच नाही. कोड गेला होता जुन्या नंबरवर, कारण गॅसच्या पुस्तकावर तोच आहे. (तेव्हा तात्पुरता रिचार्ज मारला, म्हणून तो सध्या चालू आहे.) बँकेत तोच, पेन्शनला तोच, आधारला तोच, एलआयसीला तोच. इतकी वर्षं त्या नंबरने तुमच्या नावाने सह्या केल्यात म्हणा ना.

आणि तो नंबर घेतलात कसा, तेही मला आठवतं. २००३ साली येणाऱ्या फोनचे पैसे पडणं बंद झालं, त्यानंतरच तुम्ही मोबाइल घेतलात. तोवर "फोन दुसऱ्याने करायचा आणि पैसे मी द्यायचे, हा कुठला न्याय?" असं सगळ्या ऑफिसला ऐकवत होतात. एवढी वाट पाहून घेतलेला नंबर असा सहज सोडता?

तुम्ही म्हणाल, शिल्लक वीस रुपये ठेवले की नंबर जात नाही, पेपरात वाचलंय. वाचलंय ते खरं आहे. नव्वद दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते, पण खात्यात वीस रुपये असले तर ते कापून तीस दिवसांची मुदत वाढते, असा ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. पण बाबा, नंबर तुमच्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर मेसेज येणं वेगळं. घर नावावर आहे, पण वीज तोडलेली आहे, तसं ते. आणि एकदा का नंबर खरंच गेला, की निदान नव्वद दिवस तो रिकामा ठेवतात आणि मग दुसऱ्या कुणाला देतात. म्हणजे तुमच्या पेन्शनचा मेसेज भलत्याच माणसाच्या खिशात वाजणार. त्याला रक्कम कळलेली तुम्हाला चालेल? मला तर तुम्ही अजून सांगितलेली नाही.

आता खर्चाचं. जुन्या सिमवर इंटरनेट नकोच आहे. २०२४च्या डिसेंबरात ट्रायने सगळ्या कंपन्यांना सांगितलं, की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी नुसत्या कॉल आणि मेसेजचे वेगळे पॅक ठेवा. त्यातला लांब मुदतीचा मी पाडव्याला भरून टाकते. माझी ओवाळणी समजा, उलट्या दिशेची.

"मग जुना नंबरच नव्या कंपनीत नेऊ, १९०० ला पोर्टचा मेसेज टाकला की झालं," ही तुमची दुसरी सूचना. होतं तसं, २०११ पासून देशभर होतंय. पण मग दोन्ही सिमं एकाच कंपनीची होतील, आणि आपल्या घरात त्याचा काय उपयोग? मागच्या खोलीत जुन्याला एक दांडी, तीही देवाच्या कोनाड्यापाशी उभं राहिलं तर, आणि नव्याला चार. गॅलरीत बरोबर उलट. प्रत्येक कंपनीचा टॉवर वेगळ्या गच्चीवर, वेगळ्या दिशेला, आणि मधे आपल्या शेजारची ती नवी सात मजली इमारत. एक कंपनी रुसली तर दुसरी आहे, याचसाठी तर दोन घ्यायची. अनंत चतुर्दशीला आठवतंय ना? अलका चौकात गर्दीत तुम्ही आणि आई वेगळे झालात, सगळं पुणं एकाच वेळी टॉवरला लोंबकळत होतं आणि नव्या सिमवरून काही केल्या फोन लागेना. जुन्यावरून तिसऱ्या खेपेला लागला. दोन्ही बंद पडू शकतात हे मान्य, पण एकदम पडायची शक्यता कमी.

आता मुख्य भानगड, आत्याची.

त्या शनिवारी संध्याकाळी आत्याचा मला फोन: "अगं, दादाचा फोन अर्धा तास झाला संपर्क क्षेत्राच्या बाहेर सांगतोय. सदाशिव पेठ कधीपासून क्षेत्राबाहेर गेली? बरा आहे ना तो?" मी तुमच्या नव्या नंबरवर लावला तर तो व्यस्त. आईचा बटणांचा फोन नेहमीप्रमाणे चार्जिंगला, आवाज बंद करून. मी स्कूटर काढली. चांदणी चौक, पौड फाटा, सिग्नलला थांबले की डोक्यात नाही नाही ते. वर आले तर तुम्ही गॅलरीत आरामखुर्चीत, भजनी मंडळातल्या मित्राशी बोलताय, आणि मला हाताने खूण: बस, आलोच. वर आणखी आईला, "हिला चहा टाक गं."

तेव्हा मी जे बोलले ते बोलले. पण चूक तुमची नव्हती, आणि फोन बिघडलेलाही नव्हता. आपल्या जुन्या वाड्याला दोन दारं होती, पुढचं रस्त्यावर आणि मागचं बोळात. दुपारी आजी घरात एकटी असायची. ती मागच्या दारी दूधवाल्याशी हिशेब घालत बसली की पुढच्या दारी पोस्टमन कडी वाजवून वाजवून निघून जायचा आणि आळीत सांगायचा, घरात कुणी नाही. तुमचा फोन तसाच आहे. सिमं दोन, पण हवेतला संदेश पकडणारं यंत्र आत एकच. फोन नुसता पडलेला असतो तेव्हा ते दोन्ही दारांकडे आळीपाळीने कान देतं, म्हणून दोन्ही नंबर चालू दिसतात. एका सिमवर बोलणं सुरू झालं की ते त्या दारी गुंतलं. दुसऱ्या सिमची कंपनी हाका मारते, उत्तर येत नाही, मग ती बिचारी सांगते की हा माणूस क्षेत्राबाहेर आहे. व्यस्त असंसुद्धा सांगत नाही, कारण तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या फोनवर गुंतलाय हे तिला कळायला मार्गच नाही. काही नव्या फोनांत यावर तोड असते, एका सिमच्या इंटरनेटवरून दुसऱ्याचा कॉल आत घेतात. आपल्या फोनात ती सोय नाही, मी पाहिलं.

म्हणून रविवारी जुन्या सिमवर मी कॉल फॉरवर्डिंग लावून देणार आहे. सगळे कॉल नाहीत, फक्त 'संपर्क होत नसेल तर' एवढंच. तुम्ही नव्यावर बोलत असताना आत्याने जुन्यावर लावला, तर तो वळून नव्यावर येईल आणि कानात टुक-टुक ऐकू येईल. ते ऐकू आलं की मित्राला सांगायचं, थांब. सांगाल ना?

याच कारणाने जुन्या सिमवर बोलताना आईचं यूट्यूबवरचं कीर्तन अडकतं. इंटरनेट नव्या सिमचं, आणि यंत्र जुन्याच्या दारी. वायफाय चालू ठेवलं की अडकणार नाही. वायफायवर रागावू नका, तो मेला नुसता वेगळा पाहुणा आहे.

आता सेटिंग. मी दोन्ही सिमांना नावं दिली आहेत: पहिलं 'बँक', दुसरं 'गप्पा'. कॉल लावताना कुठलं, ते 'गप्पा' ठरवून ठेवलंय. इंटरनेटही 'गप्पा'वर. 'बँक' फक्त मेसेज घेतं आणि गप्प बसतं. व्हॉट्सॲप जुन्या नंबरवर आहे ते तसंच राहू दे. त्याला इंटरनेट कुठल्या सिमचं आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. कधी मधेच 'नंबर बदलायचा का' असं विचारलं तर नाही म्हणायचं.

पैसे पाठवायच्या ॲपचं मात्र तसं नाही. ते पहिल्यांदा उघडताना तुमच्या फोनवरून गुपचूप एक मेसेज पाठवतं आणि तो बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून आलाय का ते तपासतं. गेल्या महिन्यात मंडईत तुम्ही ॲप नव्याने चालू केलंत, 'कुठलं सिम' असं विचारल्यावर 'गप्पा' दाबलंत, आणि "हा नंबर बँकेत नाही" असं आलं. तुम्ही भाजीवाल्या मावशींना बँकेचा कारभार समजावून सांगितलात म्हणे. त्यांनी "काका, उद्या द्या" म्हणून सोडवलं. तिथे 'बँक' दाबायचं होतं. आणि त्या सिमवर मेसेज जाण्याइतका पॅक हवा, नाहीतर योग्य सिम दाबूनही अडेल. पुन्हा तेच: रिचार्ज.

तुमच्या मेमरी कार्डाचं राहिलं. ते कुणी पुसलेलं नाही. या फोनच्या ट्रेमध्ये दुसऱ्या खाचेत एकतर सिम बसतं किंवा कार्ड, दोन्ही नाही. नवं सिम घातलं तेव्हा कार्ड बाहेर आलं. ते आईच्या शिवणाच्या डबीत, काळ्या दोऱ्याच्या रिळाखाली, कागदाच्या पुडीत आहे. सगळी रेकॉर्डिंगं मी लॅपटॉपवर घेतली आहेत, रविवारी पेन ड्राइव्हवर देते.

एक गोष्ट गंभीर आहे, ती आईने नीट वाचावी. 'बँक'च्या दांड्या अचानक शून्य झाल्या, घरात कुठेही गेलं तरी येत नाहीत, फोन बंद करून चालू केला तरी नाहीत, आणि 'गप्पा' ठीक चाललंय, असं झालं तर "येईल संध्याकाळपर्यंत" म्हणून बसून राहायचं नाही. नेटवर्क गेलेलं असू शकतं. पण कुणी खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं, तर तुमच्या हातातलं सिम असंच मरतं, आणि मग बँकेचे कोड त्याला जातात. त्याच मिनिटाला 'गप्पा'वरून आधी बँकेला फोन, मग मला. पैसे गेलेले दिसले तर १९३०. दुसरं सिम कशाला हवं, याचं माझ्या लेखी हेच सगळ्यात मोठं उत्तर आहे. आणि "तुमचं सिम दोन तासांत बंद होणार, नऊ दाबा" असं सांगणारा फोन आला तर काहीही न दाबता ठेवून द्यायचा. त्याच्याशी वाद घालायचा नाही, बाबा. त्याला तेच हवं असतं.

जाता जाता: संचार साथी या सरकारी वेबसाइटवर मी तुमच्या दोघांच्या नावावर किती नंबर आहेत ते पाहिलं, तुमच्यासमोरच, कोड आईने वाचून दाखवला होता. बाबांचे दोन. आईचे दोन, आणि आई म्हणाली, "माझा तर एकच फोन." दुसरा माझा निघाला. कॉलेजात असताना तुझ्या कागदपत्रांवर घेतलेला, तोच मी आजही वापरते. माझी बँक, ऑफिस, गॅस, सगळं तुझ्या नावावरच्या नंबरवर चाललंय. तेव्हा जुना नंबर जपण्याबद्दल मी फार शहाणपणाने बोलते असं बाबांनी म्हणायला हरकत नाही. तो माझ्या नावावर करून घ्यायचाय, त्यासाठी तुला माझ्याबरोबर दुकानात यावं लागेल. नंतर मिसळ.

रविवारी दहाला येते. ट्रे काढायला सरळ केलेली ती यू-पिन फेकू नका. आईची सेफ्टी पिन त्या भोकात जात नाही, प्रयोग करून झालाय.

कळावे,
तुमची धाकटी

ता. क. बाबा, फोनच्या मागे तुम्ही चिकटवलेली चिठ्ठी पाहिली. "सिम १ : बँक. कोणीही हात लावू नये. विशेषतः मालकाने." ती राहू द्या.