पाठांतराआधी पुठ्ठा कापू द्या

मा. संपादक,

दहावीच्या भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता समरूप (आकाराने सारख्या, पण लहान-मोठ्या असू शकणाऱ्या) त्रिकोणांच्या आधारे दिलेली आहे. परंतु अनेक वर्गांत ती परीक्षेसाठी केवळ पाठ करून घेतली जाते, आणि काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब का टाकायचा, हा मूळ प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उमटतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१५ सेंमी आणि २० सेंमी बाजूंचा आयताकृती पुठ्ठा कर्णावर कापला, तर दोन एकरूप काटकोन त्रिकोण मिळतात. त्यांतील एक तसाच ठेवून दुसरा शिरोलंबावर, म्हणजे काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर टाकलेल्या लंबावर, कापावा. आता हाती येणाऱ्या तीन त्रिकोणांच्या बाजू १५-२०-२५, ९-१२-१५ आणि १२-१६-२० अशा असून तिन्हींचे गुणोत्तर ३:४:५ हेच आहे, म्हणजे ते परस्परांशी समरूप आहेत. शिरोलंब १२ आणि कर्णाचे भाग ९ व १६ असल्याने भूमितीमध्याचे प्रमेय, म्हणजे शिरोलंबाचा वर्ग कर्णाच्या दोन भागांच्या गुणाकाराएवढा असतो (१२² = ९ × १६), हे तिथेच पडताळता येते. शिवाय १५² = २५ × ९ आणि २०² = २५ × १६; यांची बेरीज २५ × (९ + १६), अर्थात २५² होते. हे अर्थातच एक उदाहरण झाले, सिद्धता नव्हे. मात्र अंकांच्या जागी अक्षरे घातली की हीच मांडणी सिद्धता बनते.

हा प्रयोग एका तासिकेत सहज होतो. शिक्षकांनी तो सिद्धतेच्या आधी करावा आणि प्रश्नपत्रिकेतही पाठ केलेल्या ओळींऐवजी प्रत्येक पायरीचे कारण विचारले जावे, ही विनंती.

— एक गणित शिक्षिका, सातारा