टेस्टिंगसाठी खऱ्या खातेदारांची यादी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकरा वाजता सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आईच्या मोबाइलवर लागोपाठ तीन एसएमएस आले : 'आपले कर्ज खाते थकीत आहे. तातडीने भरणा करावा.' आई ७६ वर्षांची. तिने जन्मात कर्ज काढलेलं नाही, किराणासुद्धा कधी उधारीवर आणला नाही. रात्रभर जागी राहिली. मला फोन केला नाही, का तर 'तू उगाच काळजी करशील'. सकाळी पासबुकांची कापडी पिशवी घेऊन बँकेचं शटर उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसली. बँक सहकारी आहे, नाव देत नाही. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही हो आजी, टेस्टिंगचे मेसेज चुकून गेले."

मी पुण्यात १९ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे काय झालं असणार ते मला फोनवरच कळलं. नवी सिस्टीम तपासायला खऱ्या खातेदारांचा डेटा जसाच्या तसा टेस्ट सर्व्हरवर उतरवला आणि एसएमएसची जोडणी बंद करायची राहिली. आमच्या बोलीत, 'प्रॉडचा डंप यूएटीत टाकला', म्हणजे चालू सिस्टीममधल्या डेटाची सगळी नक्कल तपासणीच्या सिस्टीमवर. मेसेज गेले म्हणून निदान बोभाटा तरी झाला. एरवी तो डंप किती लॅपटॉपांवरून फिरला याचा पत्ताही लागत नाही.

मी फार सोवळी आहे असं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही अशाच एका फाइलवर काम केलंय. पेन ड्राइव्हवरून आली होती. चाळताना आमच्याच सोसायटीतल्या एका काकांचा पगार आणि थकलेले हप्ते समोर आले. पुढे कित्येक महिने ते जिन्यात भेटले की मी पर्समध्ये किल्ली शोधायला लागायचे.

यावर 'आम्ही नावं बदलून डेटा देतो' हे उत्तर ठरलेलं असतं. नावं काढून भागत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णनोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने मतदार यादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला आणि थेट गव्हर्नरांची नोंद शोधून काढली. आमच्या गावासारख्या ठिकाणी तर तेवढंही लागणार नाही. 'वय ७६, विधवा, कुटुंब निवृत्तिवेतन' एवढं सांगितलं तर पारावरचा कोणीही घर दाखवील.

मग टेस्टिंग करायचं कशावर? बनावट माणसांवर. त्यांची नावं, पत्ते, व्यवहार सगळं प्रोग्रॅमने तयार करता येतं, त्यासाठी फुकट साधनंही आहेत. पण ही माणसं बनवणाऱ्याला खऱ्या माणसांची जाण हवी, आणि इथेच आमचे लोक कंटाळा करतात. 'टेस्ट वन', 'टेस्ट टू', 'एबीसी शर्मा' भरून मोकळे होतात. किंवा साधनाला सांगतात, दहा हजार माणसं दे. ते जन्मतारखा वर्षभर सारख्या वाटून देतं. आता आपल्याकडच्या जुन्या पिढीचं बघा. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लावून टाकायचे. त्यामुळे एकाच गावात नाव, वडिलांचं नाव, आडनाव सारखं आणि वर जन्मतारीखही १ जून, असे दोघे-तिघे सहज सापडतात. नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, असं धरणारी सिस्टीम बनावट डेटावर झकास चालते आणि खऱ्या शाखेत दोन चुलतभावांची खाती एक करून ठेवते. हे मी स्वतः एका प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात पकडलंय, तेसुद्धा टीममधला एक जण जतकडचा होता आणि त्याला हे १ जूनचं माहीत होतं म्हणून.

लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बायका, 'कऱ्हाडे' लिहिलं की मोडणारा तो 'ऱ्ह', हेही त्या बनावट गावात राहायला हवेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं, म्हणजे तीनऐवजी चार शब्द. तुमच्या फॉर्ममध्ये चौथा रकाना आहे का?

आकड्यांची गंमत वेगळीच. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून हिशेबाने येतो. कसेही अंक टाकले तर दहातला एखादाच नंबर त्या तपासणीत टिकतो. पण जो टिकला, तो कोणाचा तरी खराच आधार असू शकतो. मोबाइलचंही तेच. अमेरिकेत ५५५-०१०० ते ५५५-०१९९ हे नंबर काल्पनिक वापरासाठी राखून ठेवलेत. आपल्याकडे ६ ते ९ पैकी कशानेही सुरू होणारा दहा आकडी नंबर टाकला तर तो कोणाच्या तरी उशाशी रात्री साडेअकराला वाजू शकतो. म्हणून टेस्ट सर्व्हरवरून एकही मेसेज बाहेर जाता कामा नये, डेटा बनावट असला तरी.

हल्ली एआयला खरा डेटा दाखवून त्याच्यासारखा खोटा डेटा करून घेण्याची टूम आहे. काम फर्मास होतं, पण एखादी अगदी वेगळी नोंद ते जशीच्या तशी ओकूही शकतं. तेव्हा तेही तपासूनच वापरावं.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. डेटाची नीट काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड व्हायचा तेव्हा होवो. सहकारी बँकांच्या सभासदांना मात्र विचारायला एक हक्काची जागा आहे, सप्टेंबरअखेरपर्यंत होणारी वार्षिक सर्वसाधारण सभा. लाभांश किती, हे दर वर्षी विचारतोच. या वर्षी 'नवीन सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगला कुठला डेटा दिला, कोणाला दिला आणि काम झाल्यावर पुसला का?' हेही विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आमच्या आईच्या नावावर त्या बँकेचे दहा शेअर आहेत. तिने ते तीन मेसेज अजून डिलीट केलेले नाहीत. सभेची नोटीस आली की कळव, एवढं तिने माझ्या भावाला बजावून ठेवलंय.

— एक टेस्टर, कोथरूड, पुणे
(नोकरीत असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)