माळ्यावरची ट्रंक रद्दीत देण्याआधी: पार्ले टिळक विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

पार्ले पूर्वेला सध्या गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. जागा रिकामी करायची तारीख येते, माळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि आजोबांचं प्रगतिपुस्तक, स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका, पुठ्ठ्यावर डकवलेला वर्गाचा ग्रुप फोटो असं सगळं किलोच्या भावाने रद्दीत जातं. दोष कुणालाच देता येत नाही, कारण नव्या घराला माळाच नसतो. पण त्या ट्रंकेत आपल्या शाळेचा इतिहास आहे. तो वाचवायला आम्ही काही माजी विद्यार्थी तुमची मदत मागत आहोत.

लोकमान्य गेले ते १ ऑगस्ट १९२० रोजी. पुढच्याच वर्षी पार्लेकरांनी त्यांच्या नावाने शाळा काढली. तेव्हा पार्लं मुंबईत नव्हतं. मुंबई उपनगर जिल्हा नुकताच, १९२० साली, ठाण्यापासून वेगळा झाला होता, आणि मुंबई महापालिकेची हद्द इथवर यायला १९५० साल उजाडलं. टिळकांनी स्वतः सार्वजनिक कामाला सुरुवात केली ती १८८० साली, चिपळूणकर-आगरकरांबरोबर पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढून. त्यांचं स्मारक म्हणून इथे शाळाच उभी राहिली, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो.

पुढे १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ सुरू झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली पार्ल्यात सत्याग्रहींची छावणी पडली. शाळा तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची होती. त्या दिवसांत बाकांवर बसलेली मुलं घरी येऊन काय सांगत होती? छावणी बघायला कोण पळालं, कुणी त्यासाठी मार खाल्ला? सरकारी दप्तरात हे मिळायचं नाही. एखाद्या जुन्या पोस्टकार्डात मिळेल.

पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी, हे सर्वांना ठाऊक आहे. शाळा चालवणाऱ्या संस्थेने पुढे साठ्ये आणि डहाणूकर ही महाविद्यालयं काढली, हेही नोंदलेलं आहे. आम्हाला हवी आहेत ती नोंद न झालेली माणसं: गणित शिकवणारे सर, घंटा देणारे शिपाईमामा, अकरावीची जुनी मॅट्रिक देऊन थेट नोकरीला लागलेली मुलं, आणि १९७५ साली दहावीच्या पहिल्या बोर्डाच्या परीक्षेला बसलेली बॅच. या बॅचची मंडळी आता पासष्टीच्या पुढे आहेत. त्यांच्या आधीच्यांना तर आजच भेटायला हवं.

घरात शाळेचं काहीही सापडलं तरी टाकू नका. वह्या, शिक्षकांची पत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, बक्षिसाचं पुस्तक, बिल्ला, सगळं चालेल. फोटो अल्बममधून ओढून काढू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. फोटोतल्या माणसांची नावं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर, रांगेप्रमाणे लिहून ठेवा. नावं नसलेला फोटो पुढच्या पिढीला मुका असतो. मूळ वस्तू तुमच्याकडेच राहील. आम्ही घरी येऊन स्कॅन करू आणि एक प्रत तुम्हालाही देऊ.

रोख पैसे आम्ही घेत नाही, कृपया कुणाच्याही हाती देऊ नका. त्याऐवजी वस्तू द्या: चालू स्थितीतला फ्लॅटबेड स्कॅनर, हार्ड डिस्क, कागद ठेवायला चांगल्या फायली. मोडी वाचणारं कुणी असेल तर फार बरं होईल. आणि आठवड्यातले दोन तास देऊ शकणारी तरुण मुलं हवीत, ज्येष्ठांशेजारी बसून त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला. परदेशात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या आठवणी मोबाइलवर बोलून पाठवल्या तरी चालतील.

हा मजकूर ज्यांच्याकडून तुमच्यापर्यंत आला, त्यांनाच कळवा. निरोप आमच्यापर्यंत पोहोचेल. घर रिकामं करायची तारीख जवळ आली असेल तर तेवढं आधी सांगा. तुमच्याकडे आम्ही सगळ्यांत आधी येऊ.