आश्रय मंजूर झाला. ‘गणपतीला ये’ असा आग्रह करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत कुणाला आश्रय (असायलम, म्हणजे मायदेशी जिवाला भय असलेल्याला मिळणारे संरक्षण) मंजूर झाल्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत येते, तेव्हा तिचा शेवट बहुधा ‘आता ग्रीन कार्ड मिळणार’ असा असतो. ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांत नेमके तेवढेच वाक्य लक्षात राहते आणि पुढच्याच आठवड्यात फोनवर चौकशी सुरू होते. मग गणपतीला येणार ना? धाकटीच्या लग्नाची तारीख काढू ना? आश्रय मंजूर होणे आणि ग्रीन कार्ड हातात पडणे यांत वर्ष तर जातेच, बहुतेकदा त्याहून बरेच जास्त. या काळात जे बिघडते, त्यातले बरेचसे इकडे घरच्यांच्याच हातून आणि चांगल्या हेतूने बिघडते. म्हणून हे पत्र.

आधी एक गोंधळ. आयटीतल्या शेजाऱ्याचा ‘प्रायॉरिटी डेट’चा, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणाऱ्या तारखेचा, हिशेब इथे लागू नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या भारतीयांची वर्षानुवर्षांची रांग नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची आहे. आश्रय मिळालेल्यांनाही पूर्वी वर्षाला 10,000 जणांची मर्यादा होती. 2005 च्या रिअल आयडी कायद्याने ती उठली. तेव्हा दर महिन्याचे व्हिसा बुलेटिन (कोणत्या तारखेपर्यंतचा नंबर आला हे सांगणारा सरकारी तक्ता) बघून ‘अजून आपला नंबर आला नाही’ म्हणणाऱ्यांनी ते बघणे सोडून द्यावे. इथे वेळ खातात ती तपासणी आणि अपुरे कागद.

नियमाप्रमाणे मंजुरीनंतर एक वर्ष अमेरिकेत प्रत्यक्ष राहावे लागते आणि बाहेर काढलेले दिवस वजा होतात. 10 मार्चला मंजुरी मिळालेला माणूस मधे 40 दिवस बाहेर राहिला, तर त्याचे वर्ष पुढल्या 19 एप्रिलच्या सुमाराला भरते. फेब्रुवारी 2023 पासून हे वर्ष ग्रीन कार्डाच्या अर्जाच्या निकालाच्या दिवशी भरलेले असले तरी पुरते, म्हणून काही जण आधीच अर्ज टाकतात. आमच्या मते त्यात हाती फारसे लागत नाही. राहिल्याचा पुरावा अपुरा आहे असे पत्र येते, उत्तर पाठवण्यात महिने जातात, आणि वाचवलेला वेळ तिथेच संपतो. भाडेकरार, पगाराच्या स्लिपा, बँकेची पाने असे दर महिन्याचे काहीतरी जपून ठेवावे. मंजुरी न्यायाधीशाकडून आलेली असेल, तर सरकारी वकिलाची अपिलाची मुदत सरेपर्यंत ती पक्की धरू नये.

ग्रीन कार्डाचा अर्ज म्हणजे आय-485. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. एप्रिल 2024 पासूनच्या दराने शुल्क 1,440 डॉलर; 14 वर्षांखालील मुलाचा अर्ज आई किंवा वडिलांच्या अर्जासोबतच गेला तर 950. निर्वासित म्हणून बाहेरून नेलेल्यांना हे शुल्क माफ असते, आश्रय मिळालेल्यांना नसते. मात्र उत्पन्न कमी असल्यास आय-912 भरून माफी मागता येते. 28 ऑक्टोबर 2025 पासून कागदी चेक आणि मनीऑर्डर घेत नाहीत. कार्डाने किंवा अमेरिकी बँकखात्यातून थेट पैसे भरावे लागतात. अर्जाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख छापलेली असते. दोन आवृत्त्यांची पाने एकत्र झाली तर अख्खा गठ्ठा परत येतो. मित्राने गेल्या वर्षी डाउनलोड करून ठेवलेला अर्ज वापरू नये तो यासाठी.

आणखी एक खर्च वाचवता येतो. सीएचा दाखला, वडिलांच्या मुदत ठेवी, फ्लॅटचे मूल्यांकन यातले काहीही इथे लागत नाही. ‘सरकारवर भार पडेल का’ ही कसोटी कायद्यानेच आश्रय मिळालेल्यांना लावलेली नाही, त्यामुळे प्रायोजकाचे हमीपत्रही नको. तरीही पोरगा अडचणीत येऊ नये म्हणून घरोघर या फायली तयार होतात आणि कुरिअरने रवाना होतात.

ठाण्यातून खरोखर लागतात ते कागद थोडे आहेत, पण चूक होते ती तिथेच. मुख्य कागद जन्मदाखला. ठाणे महापालिका 1982 ची, नवी मुंबईची 1 जानेवारी 1992 ची. त्याआधीचा जन्म असेल तर नोंद नगरपालिकेच्या किंवा जुन्या ग्रामपंचायतीच्या वहीत शोधावी लागते. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण बारसे व्हायच्या आत नोंद झालेली असते. असा दाखला तसाच पाठवला तर तो नेमका कुणाचा, हे कुणालाच कळत नाही. नाव लावून घेता येत असेल तर आधी ते करावे. नोंद सापडतच नसेल, तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्यावा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. तेही पुरेसे नसेल, तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे. त्यात ‘मी यांना ओळखतो’ एवढे लिहून भागत नाही. जन्म कुठे झाला, कधी झाला आणि सांगणाऱ्याला ते कसे ठाऊक, हे त्यात आले पाहिजे. सख्खी आत्या हयात असेल तर शेजारच्या नगरसेवकापेक्षा तिचे प्रतिज्ञापत्र मोलाचे.

नावांचा घोळ आपल्याकडे मुरलेला आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. मधले नाव लग्नाआधी वडिलांचे, नंतर नवऱ्याचे. त्यात लग्नाच्या दिवशी तांदळात नवे नाव लिहिलेले, म्हणजे पहिले नावही बदलले. आपल्याला यात वावगे काही दिसत नाही. तिकडच्या अधिकाऱ्याला मात्र तीन कागदांवर तीन बायका दिसतात. अर्जात ‘वापरलेली इतर नावे’ असा रकाना असतो. त्यात माहेरचे, सासरचे आणि आडनाव पुढे आलेले, अशी सगळी रूपे लिहावीत. विवाह नोंदणीचा दाखला सोबत असला की दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे जुळते.

तारखाही तशाच फसवतात. दाखल्यावरचे 04/07/1991 म्हणजे आपल्याला 4 जुलै; अमेरिकेत ते 7 एप्रिल वाचतात. भाषांतरात महिना अक्षरी लिहिला की प्रश्नच मिटतो. दिवस 12 च्या पुढचा असला तर चूक चटकन दिसते. 12 च्या आतला असला की ती लपून राहते आणि मुलाखतीत वर येते.

भाषांतराबद्दल कोर्टनाक्यावर जे सांगितले जाते त्यावर विसंबू नये. नोटरीचा शिक्का लागत नाही, ॲपोस्टिल (परदेशात वापरण्यासाठीचे सरकारी प्रमाणन) तर नाहीच. अमेरिकी नियम एवढाच आहे की भाषांतर संपूर्ण हवे आणि भाषांतरकाराने ते पूर्ण व अचूक असल्याचे, तसेच मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यास आपण सक्षम असल्याचे लिहून द्यावे. खाली सही, नाव, पत्ता, तारीख. ‘संपूर्ण’ म्हणजे गोल शिक्क्यातली अक्षरे, निबंधकाच्या सहीखालचे पद आणि ‘शेरा’ या रकान्यातली हाताने लिहिलेली ओळसुद्धा. नाव पुढे कधी लावले, दुरुस्ती कोणत्या आदेशाने झाली, हे बहुतेकदा त्या शेऱ्यातच असते आणि भाषांतरातून नेमका तोच गळतो. अक्षर लागत नसेल तर ‘अवाच्य’ असे लिहावे. जागा मोकळी सोडू नये. अर्जासोबत प्रती चालतात. मूळ दाखला मुलाखतीसाठी जवळ ठेवावा, पाकिटात घालू नये.

वैद्यकीय तपासणीचा आय-693 हा अर्ज तिकडच्या नेमलेल्या डॉक्टरकडूनच भरून घ्यावा लागतो, आणि 2 डिसेंबर 2024 पासून तो आय-485 सोबतच द्यावा लागतो. लहानपणीच्या लसीकरणाच्या कार्डाचा स्वच्छ फोटो घरून गेला, तर काही सुया वाचतात. बीसीजीची धास्ती नको; क्षयासाठी आता रक्ताची तपासणी होते आणि बीसीजी घेतल्याने तिचा निकाल बदलत नाही.

आता कुटुंबाचे. मागे राहिलेली पत्नी किंवा पती आणि 21 वर्षांखालील अविवाहित मुले यांच्यासाठी आय-730 असतो. शुल्क नाही, पण मुदत मंजुरीपासून 2 वर्षांची. ग्रीन कार्ड आल्यावर बघू म्हणत ही मुदत चुकवली, तर ती वाढवून मिळेलच असे धरून चालू नये. नाते मंजुरीच्या दिवशी अस्तित्वात असावे लागते. साखरपुडा झाला होता आणि लग्न नंतर केले, हे चालत नाही. तसे असेल तर ग्रीन कार्डानंतर नातेवाइकासाठी करायचा आय-130 हा अर्ज, हा वेगळा रस्ता. आईवडील आणि भावंडे आय-730 मध्ये बसत नाहीत, कितीही एकत्र कुटुंब असले तरी.

याहून कळीची बाब म्हणजे, मूळ अर्जदाराच्या जोरावर ज्यांना आश्रय मिळाला त्या जोडीदाराचे आणि मुलांचे ते नाते ग्रीन कार्ड होईपर्यंत टिकले पाहिजे. मुलगी 21 ची झाली म्हणून बिघडत नाही, तिला कायद्याचे संरक्षण आहे. तिचे लग्न झाले की मात्र बिघडते. चांगले स्थळ आले म्हणून इकडे मामाने नोंदणी पद्धतीने लग्न उरकून घेतले आणि समारंभ पुढे ठेवला, तरी कायद्याने ती विवाहितच. तसेच घरातल्या सगळ्यांची कार्डे येण्याआधी मूळ अर्जदाराने नागरिकत्व घेण्याची घाई करू नये. तो नागरिक झाला की त्याचा आश्रय उरत नाही आणि त्यावर अवलंबून असलेले अधांतरी राहतात.

राहिला प्रवास. आश्रय मिळालेल्याने अमेरिकेबाहेर जाताना भारतीय पासपोर्ट वापरायचा नसतो; त्यासाठी रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंट नावाची पुस्तिका घ्यायची. अर्ज आय-131, शुल्क 16 वर्षे आणि वरच्यांना 165 डॉलर, लहानांना 135. याच अर्जावर ग्रीन कार्डधारकांच्या री-एन्ट्री परमिटचाही (परत येण्याच्या परवान्याचा) चौकोन असतो. ग्रीन कार्ड नसताना त्यावर खूण केली की अर्ज फुकट जातो. अर्ज देश सोडण्याआधी करावा आणि बोटांचे ठसे देऊन मगच निघावे. पुस्तिकेची मुदत फक्त एक वर्ष, आणि ती वाढवून मिळत नाही. ती हातात यायलाच महिने लागतात. त्यात अनेक देश व्हिसा देताना परतीच्या तारखेनंतरची काही महिन्यांची मुदत मागतात. प्रत्यक्षात वापरायला वर्षातला थोडाच काळ उरतो, म्हणून तिकीट पुस्तिका आल्यावरच काढावे.

भारतात येणे हा या सगळ्यातला सर्वांत मोठा धोका. जिथे जिवाला भय आहे असे शपथेवर सांगितले, तिथेच जाऊन पंधरा दिवस राहिले, तर आश्रय काढून घेण्याची कारवाई होऊ शकते. ग्रीन कार्ड आल्यानंतरही होऊ शकते. कार्ड आले म्हणजे सुटलो, असे मानणारे इथेच फसतात. भारतीय पासपोर्टचे नूतनीकरणही त्याच वाटेचे. या देशाचे संरक्षण मिळत नाही असे म्हणून पुन्हा त्याच देशाचा पासपोर्ट मागितला, याचे उत्तर मुलाखतीत द्यावे लागते. शिवाय नूतनीकरणात पोलीस पडताळणी निघाली, तर हवालदार ठाण्याच्या पत्त्यावर येतो आणि ‘ते सध्या कुठे असतात, काय करतात’ हे आजीला विचारतो. जुना पासपोर्ट फेकू नये, तो ओळखीचा पुरावा आहे. नवा मात्र काढू नये.

‘मग दुबईला भेटू’ हा तोडगा घरोघर निघतो. त्यात अडचण अशी की संयुक्त अरब अमिराती, थायलंड, सिंगापूर, मलेशिया, श्रीलंका, नेपाळ यांपैकी कुणीही 1951 च्या निर्वासित कराराचा सदस्य नाही, भारतही नाही. अशा ठिकाणी ही पुस्तिका घेतीलच याचा भरवसा नाही. करारातले देश ती मान्य करतात, पण व्हिसा बहुधा लागतोच. त्या देशाच्या वकिलातीला ‘या पुस्तिकेवर व्हिसा मिळेल का, मुदत किती शिल्लक हवी’ असे ईमेलने विचारावे आणि आलेल्या उत्तराची छापील प्रत विमानतळावर जवळ ठेवावी, कारण अडवतो तो बहुधा चेक-इन काउंटरवरचा माणूस. विमान जिथे बदलायचे त्या देशाबद्दलही हेच विचारावे. आणि स्वस्त पडते म्हणून मुंबई किंवा दिल्लीमार्गे तिकीट काढू नये.

मग गणपतीला कधी? ते नागरिकत्व मिळाल्यावरच बघावे. समजा ग्रीन कार्ड 15 सप्टेंबर 2026 ला मंजूर झाले. आश्रयाच्या प्रकरणात कार्डावर ‘रहिवासी केव्हापासून’ ही तारीख एक वर्ष मागची, 15 सप्टेंबर 2025 अशी पडते. तिथून पाच वर्षे म्हणजे 15 सप्टेंबर 2030, आणि नागरिकत्वाचा अर्ज त्याआधी 90 दिवस, म्हणजे जून 2030 च्या मध्यापासून टाकता येतो. कार्ड आले की ती तारीख आधी तपासावी. चुकीची छापली गेली असेल आणि चूक इमिग्रेशन कार्यालयाची असेल, तर ती विनाशुल्क दुरुस्त करून मिळते. पत्ता बदलला तर 10 दिवसांत कळवावे आणि टपालपेटीवर आपले नाव लावावे. अमेरिकेतले टपाल खाते ग्रीन कार्डाचे पाकीट नव्या पत्त्यावर पुढे पाठवत नाही. पेटीवर घरमालकाचे नाव आणि आत ग्रीन कार्ड अशी वेळ आली, तर पोस्टमन ते परत नेतो.

आपले,
कागदपत्रांच्या भाषांतराचे काम करणारे काही जण
नौपाडा, ठाणे