लिनक्स नेमकं कशाला म्हणायचं?

संपादक महोदय,

परवाच्या पुरवणीत लिनक्सला सरसकट ऑपरेटिंग सिस्टीम म्हटलंय म्हणून लिहितोय. लिनक्स म्हणजे खरं तर फक्त कर्नल, मेमरी प्रोसेसर डिस्क यांचा कारभार बघणारा गाभा. लिनस टोरवाल्ड्सनी तो १९९१ ला आणला, पण १९८३ मध्येच रिचर्ड स्टॉलमननी ग्नू प्रोजेक्ट, म्हणजे पूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचा प्रकल्प, जाहीर केला होता आणि कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारा), शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा), रोजच्या कमांड असं बरंच सामान तयार होतं, फक्त त्यांचा स्वतःचा कर्नल हर्ड रखडला. मग दोन्ही एकत्र आलं आणि नाव राहिलं कर्नलचं. स्टॉलमन सांगत राहिले ग्नू/लिनक्स म्हणा, डेबियन ही लिनक्सवरची तयार सिस्टीम बनवणारे तसं लिहितातही, बाकी कोण ऐकतंय!

गंमत म्हणजे टोरवाल्ड्सना स्वतःला फ्रीक्स नाव हवं होतं, पण ज्या आरी लेम्केनी एफटीपी सर्व्हरवर (लोकांना फाइली उतरवून घेता येतात अशा कॉम्प्युटरवर) जागा दिली त्यांनी फोल्डरला लिनक्स नाव देऊन टाकलं, विषय संपला.

मला स्टॉलमनचं अर्धंच पटतं. अल्पाइन लिनक्स या अशाच दुसऱ्या सिस्टीममध्ये ग्नूची सी लायब्ररी (बाकीचे प्रोग्रॅम ज्याच्या आधारावर चालतात तो कोड) नाही, मसल नावाची वेगळी आहे, कमांडही बिझीबॉक्स या दुसऱ्याच संचाच्या, तिला ग्नू कसं म्हणणार? आणि अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सच, तरी दुकानात जाऊन लिनक्सचा फोन द्या असं कुणी म्हणत नाही. आधी तोंडात बसलं ते नाव, दुसरा नियम दिसत नाही. तरी पेपरने पहिल्या उल्लेखात ‘लिनक्स कर्नलवर चालणारी’ एवढं लिहायला काय हरकत आहे?

– एक वाचक, पुणे