बाबांच्या सलाइनमधलं औषध

नेरूळ, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेलं लाइम आजारावरच्या संशोधनाचं कात्रण मिळालं. ‘पिपरॅसिलिन’ या अँटिबायोटिकच्या नावाखाली लाल पेनाने दोनदा मारलेली रेघ पाहिली आणि तुमच्या मनातलं कळलं. मागच्या वर्षी न्यूमोनियात तुम्हाला टॅझोबॅक्टमच्या जोडीने शिरेतून देत होते, तेच हे. मी उशाशी बसून थेंब मोजायचे. त्याने तुम्हाला गुण आला, मग लेकीला का नाही, हेच ना?

आत्ता नको, बाबा. डॉक्टरांना फोन करू नका.

अमेरिकेत गोचीड चावली, तिच्यातल्या जंतूंमुळे लाइम झाला, त्यावरच्या नेहमीच्या अँटिबायोटिकचा, डॉक्सिसायक्लिनचा, पूर्ण कोर्स घेतला. तरी गुडघेदुखी आणि थकवा काही पाठ सोडत नाहीत. स्टेशनचा जिना चढताना अजून मध्येच कठडा धरून थांबावं लागतं. म्हणून ती बातमी मी तीनदा वाचली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ब्रँडन जुट्रास यांच्या चमूने आधीच मंजूर असलेली जवळजवळ 500 औषधं तपासली आणि 2025 मध्ये निष्कर्ष मांडला: डॉक्सिसायक्लिनपेक्षा शंभरपट कमी मात्रेत पिपरॅसिलिनने लाइम झालेले उंदीर बरे झाले. या जंतूची स्वतःभोवतीची भिंत बांधायची तऱ्हाच वेगळी आहे, औषध नेमकं तिथे घाव घालतं. एवढ्याशा मात्रेत पोटातल्या चांगल्या जंतूंनाही धक्का लागला नाही. मला तर वाचताना भरून आलं.

पण ते उंदीर होते, आणि त्यांच्या अंगात जंतू जिवंत होते. माझं दुखणं वेगळं असू शकतं. जुट्रास यांनीच 2019 मध्ये दाखवलं होतं, की जंतूच्या भिंतीचे तुकडे रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात उरतात आणि शरीर त्यांच्याशी झुंजत राहतं. मेलेल्या जंतूला अँटिबायोटिक काय मारणार? माझ्यासारख्यांना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन पाहिलंय, टिकणारा फायदा दिसला नाही. उलट शिरेतल्या नळीतून संसर्ग व्हायची भीती.

उद्या कुणाला गोचीड चावली आणि तेव्हाच हे औषध मिळालं, तर त्याचे गुडघे कदाचित वाचतील. माणसांवरच्या चाचण्या लवकर व्हाव्यात, असं मनापासून वाटतं.

कात्रण फायलीत लावलंय, पुढच्या तारखेला डॉक्टरांना दाखवेन.

आई, डिंकाचे लाडू पाठव. काल ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेतल्या तळ्याला कुठेही न बसता अख्खी फेरी मारली.

तुमची,
मनू