भोगव्याहून, प्लॉटबद्दल

प्रिय निमू,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं, पण इथं रेंज फक्त वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावर, गेलं की येते आणि तुला जे सांगायचंय ते उन्हात उभं राहून टाइप करण्यासारखं नाही, म्हणून घरमालक काकांच्या नातवाच्या वहीतली पानं मागून घेतलीत. अक्षर लावून घे.

भाऊबीज आटोपून रात्री कोकणकन्या पकडली, सकाळी कुडाळला उतरले, तिथून रिक्षा करून पिंगुळी, पाट, परुळे आणि मग भोगवे. शेवटच्या उतारावर एकदम समुद्र समोर येतो, उजव्या हाताला कर्ली खाडीचं मुख आणि त्याच्या पलीकडे देवबागची ती चिंचोळी पट्टी. हो, तीच, जिथला प्लॉट तू घ्यायला निघालीस. त्यावर येतेच.

कॉटेज म्हणतात याला, पण खरं तर माडांच्या वाडीतलं दोन खोल्यांचं चिऱ्याचं घर आहे, वर कौलं, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि शेजारचं घर हाक मारली तरी ऐकू जाणार नाही एवढं लांब. पहिल्या रात्री मी घाबरले गं. साडेनऊला लाइट गेले, बाहेर मिट्ट काळोख, माडाची झावळी कौलांवर घासत होती आणि लाटेचा आवाज तर असा की पाणी खळ्यात आलंय, मी तीनदा उठून कडी बघितली. दुसऱ्या रात्री मात्र जी झोपले ती काकी चहा घेऊन आल्या तेव्हाच उठले. मार्चपासून मी सलग पाच तास झोपलेले नाही हे फक्त तुलाच माहितीये, म्हणून तुला सांगते, सात तास झोपले, रोज.

दिवसभर काय करतेस विचारशील. काही नाही. विहिरीचं पाणी काढते, पेज खाते, किनाऱ्यावर चालत जाते आणि परत येते. एकदा निवतीच्या किल्ल्यावर गेले, तिथून समुद्रात ती वेंगुर्ला रॉक्स नावाची खडकाळ बेटं दिसतात, तिथल्या गुहांमध्ये पाकोळी पक्षी घरटी करतात, आपल्या थुंकीची, आणि ती विकली जातात म्हणून चोरीला जायची. बाकी किल्ल्याचं विशेष काही लिहीत नाही, तू आलीस की बघशीलच.

पण रापण! निमू, ते तू बघायलाच हवंस. होडी जाळं घेऊन आत जाते, अर्धगोल फिरून लांब दुसऱ्या टोकाला किनाऱ्याला लागते, मग दोन्ही टोकांना माणसं उभी राहून दोर ओढतात, बाया, म्हातारे, शाळेतली पोरं, जो असेल तो. तासभर तरी नुसतं ओढणं चालतं, हळूहळू दोन्ही टोकं जवळ येतात, आणि शेवटी जाळ्याचं पोट वाळूवर आलं की बांगडे असे तडतडतात की पावसाची सर आल्यासारखं वाटतं. मी पण दोराला हात लावला, तळहात सोलवटलेत, आणि वाटे घातले तेव्हा मलाही चार बांगडे मिळाले. मी नको नको म्हणत होते तर एक आजोबा म्हणाले, ओढलास ना, मग घे. काकींनी तिरफळं घालून तिखलं केलं. मला रडायला आलं जेवताना, कारण विचारू नकोस. एवढंच की त्या दिवशी जाळ्यात आलं ते बरंच कमी होतं असं सगळे म्हणत होते, बाहेर रात्री एलईडीचे लाइट लावून मासे गोळा करणारे ट्रॉलर असतात, त्याला बंदी आहे तरी, आणि मग रापणीला काय उरणार. राग येतो मला.

आता प्लॉट.

इथं भरतीची वेळ घड्याळात बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर तीनला भरती, अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली जातं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची हालचालच कमी. मी आले तेव्हा उधाणाचे दिवस होते, दुपारी लाट माडांच्या मुळांशी यायची. आज अष्टमी, तीच वाळू केवढी रुंद आणि कोरडी वाटते! काका म्हणाले भांगाच्या दिवसात कोणी जमीन बघू नये. म्हणून मी वर सड्यावर जाऊन फोनमध्ये तू देवबागला गेलीस ती तारीख पाहिली. अष्टमी होती निमू. आणि तुझा फोटो दुपारी बाराचा, म्हणजे ओहोटी. त्या एजंटने मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, पण तू समुद्र बघितलेलाच नाहीस.

काकींचं माहेर देवबागचं. मी सहज म्हटलं, मैत्रीण घेतेय तिकडे, तर भाकरी थापता थापता थांबल्या. ‘घेव नको म्हणान सांग तिका. थंय आमचे पाच माड होते, आता पाणी आसा.’ एका बाजूला खाडी, एका बाजूला दर्या, पावसाळ्यात दोन्हीकडून मार, आणि बंधाऱ्याचे दगडसुद्धा लाटा हलवतात. ‘सी टच’ म्हणजे काय ते तिथं कळतं.

शिवाय कायद्याचं बघ. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांच्या नियमांच्या, नोटिफिकेशनमध्ये ग्रामीण किनाऱ्याला वस्ती दाट असेल, म्हणजे चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर, तर भरतीरेषेपासून ५० मीटर, नाहीतर २०० मीटर ना-विकास क्षेत्र. ती पट्टी रुंद तरी आहे का तेवढी? तुझ्या नावावर शेतजमीन नाही, म्हणजे शेतीचा प्लॉट तुला सरळ घेताही येणार नाही. आणि सातबारावर नावं किती आहेत ते मोजलंस का, इथं एकेका वाडीला मुंबईतले चुलत-मावस धरून वीस-पंचवीस हिस्सेदार असतात, एकाची सही राहिली की झालं.

आणि घर बांधलं तरी ते सांभाळणार कोण? हे काका दरवर्षी पावसाआधी कौलं शाकारतात, पश्चिमेला माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधतात, पाऊस प्रचंड पडतो इथं. दारांच्या बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने दोन-तीन वर्षांत गंजतात. विहिरीचं पाणी गोड आहे कारण गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, पण पंप लावून जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं, म्हणून काका मे महिन्यात पंपच लावत नाहीत. आपण पुण्यात बसून हे करणार?

तुला वाईट वाटेल, मला माहितीये. आपण हॉस्टेलपासून म्हणतोय की म्हातारपणी समुद्रावर घर. मला अजूनही हवंय ते. पण मालकीचं नको. काकांशी बोलले मी, जानेवारीत दहा दिवस आणि दिवाळीनंतर दहा दिवस हेच घर आपल्याला दरवर्षी देतील, भाडंही अगदी वाजवी सांगितलं. मी हो म्हणून टाकलंय, दोघींच्या वतीने, रागावू नकोस.

टोकन दिलेलं नसेल तर देऊ नकोस. दिलं असेल तर मी परत आल्यावर आपण दोघी जाऊ त्या माणसाकडे.

जानेवारीचं रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे आता आठवड्याभरातच, तारखा कळव, रविवारी मी सड्यावर जाऊन फोन करते, सकाळी नऊला. उचल. हे पत्र उद्या परुळ्याला पोस्टात टाकते. काकींनी तुझ्यासाठी आमसुलं बांधून दिलीत, वास सगळ्या बॅगेला लागलाय.

तुझीच,
मंजू